मेस्त्रींची थंडी

ज्या देशात बर्फ पडत नाही, त्या देशात बर्फ उडवायच्या यंत्राला नेमाने ग्रीस लावणारा माणूस मी पाहिला आहे. त्यांचं नाव सगुण मेस्त्री. गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी, माडांच्या आत. ओमानमध्ये सोहारला बागकामाची कंत्राटं घेणारी एक कंपनी होती, तिथे ते मेकॅनिक होते आणि मी ऑफिसात. माझा नवरा तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. डोंबिवलीहून आलेली मी, दिवसभर एसीचा आवाज ऐकून कंटाळले आणि मिळेल ती नोकरी धरली. ती मिळाली सनायात, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या शेडला चिकटलेल्या खोलीत. शेडमध्ये मेस्त्री, खोलीत मी आणि मध्ये एक कळकट काच.

पहिल्याच आठवड्यात मी एक शहाणपणा केला. मला कपाट ठेवायला जागा हवी होती आणि शेडचा निम्मा भाग पाच जुनाट यंत्रांनी अडवला होता. गवत कापायचे छोटे ट्रॅक्टर, माणूस वर बसून चालवतो ते. रंग कधीतरी हिरवा असावा. मी विचारलं, "मेस्त्री, ह्या भंगारात कधी जाणार?"

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तू काल इलंस. ह्यो हंय धा वर्सां आसत. आता सांग, कोणी जावक होया?"

त्यानंतर चार-पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण हट्टीपणात मी काही कमी नाही. शेवटी एका दुपारी काचेवर टकटक झाली. बाहेर मेस्त्री, हातात कागदात गुंडाळलेला तळलेला बांगडा. "खा," म्हणाले, "आणि कपाट भायर ठेव. भिजूक हंय पाऊस खंय पडता?" माफी मागायची ही त्यांची पद्धत, आणि तीत माफी कुठेच नव्हती.

ही पाच यंत्रं कुठून आली त्याची गोष्ट अशी. आमचे मालक सालिम, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, त्यांनी कंपनी सुरू करताना कुठल्याशा थंड देशातून जुन्या मालाचा एक कंटेनर उचलला होता. त्यात हे पाच ट्रॅक्टर, त्यांना जोडायची गवत कापायची पाती, रोलर, मागे लावायच्या गाड्या, आणि कंटेनर भरायला म्हणून विकणाऱ्याने कोंबलेलं ते बर्फ उडवायचं यंत्र. पुढे एक जाड लोखंडी स्क्रू फिरतो, बर्फ आत ओढतो आणि वर वळलेल्या धुराड्यातून लांब फेकतो. सोहारच्या बंदरात ते उतरवताना हमाल पोट धरून हसले होते म्हणे. मेस्त्री हसले नाहीत. ते यंत्र त्यांनी शेडच्या कोपऱ्यात ठेवलं, त्यावर गोणपाट घातलं आणि बाकीच्यांच्या बरोबरीने त्यालाही तेलपाणी सुरू केलं.

"कशासाठी?" मी विचारलं होतं.

"इला कित्याक तेचो इच्यार करूचो नाय. इला मा? मग तेका सांभाळूचा."

यंत्रांबरोबर एक माहितीपुस्तक आलं होतं, मुखपृष्ठावर बर्फातलं घर. त्यात लिहिलं होतं की थंडी आली की यंत्र बंद करून झाकून ठेवा आणि उन्हाळ्यात बाहेर काढा. ओमानमध्ये सगळं उलटं. तिथला उन्हाळा म्हणजे गवत करपून पिवळं आणि माणूस घरात कोंडलेला. ऑक्टोबर सरत आला की हवा जरा माणसात येते, हिवाळी गवताचं बी पेरलं जातं, चौकाचौकांत पेटूनियाची फुलं लागतात, आणि कारखान्यांच्या कॉलन्यांमधली हिरवळ अशी सुटते की आठवड्यातून दोनदा कापली नाही तर रहिवाशांचे फोन सुरू होतात. आमच्या कंपनीची सगळी अब्रू त्या पाच-सहा महिन्यांत. मेस्त्री ते पुस्तक उलटं धरून मला दाखवायचे. "पुस्तक बरोबर आसा. देश उलटो आसा."

मग मेस्त्रींचं वर्षही त्याच हिशेबाने चालायचं. मे महिन्यात ते यंत्रांना झोपवत. हा शब्द त्यांचाच. टाकीतलं पेट्रोल काढायचं, नाहीतर ते उन्हाने चिकट होऊन आतल्या बारीक वाटा बुजवतं. प्लग काढून त्या भोकात तेलाचे चार थेंब सोडायचे. पट्टे उतरवून सावलीत टांगायचे. चाकं जमिनीला टेकून चपटी होऊ नयेत म्हणून खाली लाकडाचे ठोकळे. बॅटऱ्या ते कामगारांच्या कॅम्पवर, स्वतःच्या खोलीत, पलंगाखाली ठेवत. खोलीतले बाकीचे लोक बोंब मारत, त्यांना मेस्त्री सांगत की तुम्हाला एसी लागतो तसा त्यांनाही लागतो. वर जुन्या चादरी घालून झाल्या की मग ते सुट्टीवर घरी. गणपती करायचे, आणि दसऱ्याच्या आधी हजर.

दसऱ्याला यंत्रं उठायची. शेड धुऊन काढायची, पाचही गाड्या ओळीत उभ्या करायच्या, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, आणि बाजूला प्रत्येकीसाठी झेंडूचा हार. झेंडू पुरवायचा शफीक. हा आमचा बांगलादेशी माळी, चाळिशी उलटलेला, शांत, पाच वेळचा नमाजी, आणि पाचांतली सगळ्यात जुनी गाडी तोच चालवायचा. मेस्त्रींच्या दसऱ्यासाठी तो ऑगस्टपासून नर्सरीच्या सावलीत झेंडू जपायचा. पूजा झाली की मेस्त्री एकेक गाडी सुरू करत. जी पहिल्या दोन-तीन झटक्यांत सुरू होईल तिच्या गळ्यात हार, जी कुरकुर करेल तिचा हार बाजूला. ती दुरुस्त होऊन सुरू झाली की मगच तिला. "फुकट मान कोणाक नाय," मेस्त्री म्हणत, आणि हे बोलताना नजर माझ्याकडे.

माणूस काही सोपा नव्हता. उलट बोलण्यात पटाईत, ऐकून घेण्यात कच्चा. कंपनीची टोपी त्यांनी कधी घातली नाही, कारण ती देताना कुणी विचारलं नव्हतं. नवा भाग मागायला त्यांना जिवावर यायचं. मी म्हणायची की मागा हो, मी मंजूर करून आणते. तर म्हणाले, "नवो पार्ट मागलो की सायब इच्यार करूक लागतो. इच्यार करणारो सायब वायट." त्यामुळे कुठल्या तरी मोडक्या पाण्याच्या पंपाची स्प्रिंग ट्रॅक्टरला लागायची, आणि कुणाच्या तरी फेकलेल्या कपडे धुवायच्या मशीनचा पट्टा रोलरला. यातलं निम्मं टिकायचं आणि निम्मं भर हिरवळीवर तुटायचं. तुटलं की शिव्या पट्ट्याला. स्वतःचं चुकलं असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. काहीही अडलं की हातावर हात घासून एकच वाक्य, "बघूया, कोण आधी दमता."

एका फेब्रुवारीत तीन दिवस वारा सुटला. कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर गुडघाभर वाळू. लोडर दुसऱ्या कामावर अडकलेला आणि मॅनेजर कुरियनसाहेब फोनवर फोन करत होते. मेस्त्री उठले, कोपऱ्यातलं गोणपाट ओढून काढलं आणि ते बर्फाचं यंत्र ट्रॅक्टरला जोडलं. आम्ही सगळे बघायला. ते सुरू झालं आणि वाळूचा असा झकास फवारा उडाला की मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. फवारा कुठे पडतोय ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं. तो पडत होता पहिल्या मजल्याच्या बाल्कन्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि मग धुराड्याचं तोंड फिरवल्यावर कुरियनसाहेबांच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीवर. तासाभरात लोखंडी स्क्रूच्या कडा वाळूने खाऊन चकचकीत झाल्या आणि यंत्र कण्हत थांबलं.

कुरियनसाहेब गाडी पुसत म्हणाले, "मेस्त्री, ये क्या किया?"

"अर्दो रस्तो झालो मा?" मेस्त्री म्हणाले. तो झाला होता, हेही खरं. दुसऱ्या दिवशीपासून ते त्या स्क्रूच्या कडा भरायला बसले. पुन्हा वाळूत घालायला? छे. बर्फाचं यंत्र आहे, ते बर्फाच्या लायकीचं राहिलं पाहिजे, एवढंच.

कुरियनसाहेब वाईट नव्हते. कोट्टायमचा सरळ माणूस, हिशेबी, कुणाचा पगार कधी अडवला नाही. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटायचं. नव्या मशिनी भाड्याने मिळतात, बिघडल्या तर भाड्याने देणारा येऊन बदलून देतो. आमच्या पाच गाड्या मात्र एका माणसाच्या हातावर चालतात, आणि तो माणूस साठीला आला आहे. त्या काळात परदेशी माणसाचा व्हिसा साठीनंतर बहुधा वाढत नसे. मेस्त्रींची साठी ऐन डिसेंबरात भरत होती. कुरियनसाहेबांनी ठरवलं की येत्या थंडीला नव्या मशिनी आणायच्या, आणि जुन्या, मेस्त्री जायच्या आधीच, भंगारात घालायच्या. अर्बाबने मान डोलावली.

ही बातमी सांगायचं काम माझ्यावर आलं. मेस्त्री नुकते गणपती करून परतले होते. ऐकून घेतलं, आणि तसेच कपडे न बदलता अर्बाबच्या खोलीत गेले. मी मागे मागे. त्यांचं अरबी मोडकंतोडकं, पण अर्बाबला कळायचं आणि आवडायचंही.

"अर्बाब, मी जाणार, ठीक. मी माणूस, माझा व्हिसा संपतो. ह्यांचा कुठे व्हिसा आहे?"

अर्बाब हसले. "उस्ताद, त्या म्हाताऱ्या झाल्या."

"दसऱ्याला या. तुमच्यासमोर पाचही सुरू करतो. एक जरी हुकली तर पाचही घेऊन जा, मी स्वतः ट्रकवर चढवून देतो. पाचही सुरू झाल्या तर ह्या थंडीला ह्याच चालतील."

अर्बाबने कुरियनसाहेबांकडे पाहिलं, कुरियनसाहेबांनी खांदे उडवले, आणि ठरलं. बाहेर आल्यावर मी मेस्त्रींवर उखडले. पाचातल्या चारवर ठरवायचं होतं, एक जुनी हुकली तर सगळ्याच गेल्या ना. ते म्हणाले, "बाय, चार चालतत म्हटला तर पाचवी मेली म्हणान मीच सांगितला असा झाला. मी नाय सांगणार."

दसऱ्याच्या सकाळी शेड कधी नव्हे इतकी स्वच्छ होती. अर्बाब वेळेवर आले आणि पूजा संपेपर्यंत अदबीने दाराबाहेर उभे राहिले. मेस्त्रींनी पाचही बॉनेटं उघडून ठेवली होती, आतली इंजिनं किती लख्ख आहेत ते दिसावं म्हणून. एरवी नारळ ते बाहेरच्या दगडावर फोडत. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. सगळ्यात जुनी, शफीकची, जिला ते थोरली म्हणत, तिच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर त्यांनी नारळ आपटला. एका घावात दोन शकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

एक सुरू झाली. दुसरी, तिसरी, चौथी. शेडमध्ये धूर आणि आवाज, शफीक एकेक हार पुढे करतोय, मेस्त्री मान ताठ करून घालतायत. थोरली मुद्दाम शेवटी ठेवलेली. किल्ली फिरवली. घर्र, घर्र, आणि काही नाही. पुन्हा. पुन्हा. मेस्त्रींच्या मानेवरची शीर फुगलेली मला लांबून दिसत होती. अर्बाब बराच वेळ थांबले. मग जवळ आले, मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "खलास, उस्ताद." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते गाडीत बसून निघून गेले.

बाकीच्या चार गाड्या हार घालून धडधडत होत्या आणि त्यांचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. मेस्त्री थोरलीवर वाकले. प्लगवरची रबरी टोपी ओढून काढली, आत बोट घातलं, बोट बाहेर काढून पाहिलं आणि जिभेला लावलं.

"गोडा," ते म्हणाले.

नारळाचं पाणी. देवाला म्हणून फोडलेला नारळ सरळ उघड्या इंजिनात उडाला होता आणि ठिणगी त्या पाण्यात विझत होती. इतक्या वर्षांत नारळ बाहेर दगडावर फोडणाऱ्या माणसाने नेमक्या त्याच दिवशी हा उद्योग केला. मला हसावं की रडावं ते समजेना. मेस्त्रींनी काही समजायची वाट पाहिली नाही. पेट्रोलने टोपी धुतली, अंगातला नवा पांढरा सदरा वर ओढून त्याने प्लग कोरडा केला, आणि किल्ली फिरवली. थोरली खोकली आणि लागली.

"मेस्त्री, टाइम तो गया," कुरियनसाहेब म्हणाले.

"अर्बाब घराक पोचलो काय?"

"नहीं, लेकिन..."

मेस्त्रींनी शफीकच्या हातातला हार थोरलीला घातला, सीटवर बसले आणि शेडच्या बाहेर पडले. गेटमधून रस्त्यावर. ताशी आठ-दहा किलोमीटरने, सनायाच्या मुख्य रस्त्यावरून, सिमेंटच्या टँकरांच्या आणि पाण्याच्या गाड्यांच्या मधून. कुरियनसाहेब क्षणभर डोक्याला हात लावून उभे राहिले. मग मला म्हणाले, "बैठो." आम्ही त्यांच्या पिकअपमधून मागे निघालो. ते मेस्त्रींच्या पाठीमागे अगदी चिकटून, चारही दिवे लुकलुकवत चालवत होते, मागच्या ट्रकने त्यांना उडवू नये म्हणून. सारखे पुटपुटत होते, त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण पिकअपचा वेग त्यांनी एकदाही वाढवला नाही.

ओमानी माणूस कामाला निघो की घरी, वाटेत कडक चहासाठी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. कॉफी शॉपच्या समोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, चहा गाडीत येतो. आमचे अर्बाबही तसेच थांबले होते. त्यांच्या पांढऱ्या लँड क्रूझरशेजारी झेंडूचा हार घातलेली थोरली येऊन उभी राहिली आणि धडधडत राहिली. काच खाली झाली.

"अर्बाब," मेस्त्री म्हणाले. बोटं वर करून दाखवली. "खमसा."

पाच. अर्बाबने हार पाहिला, धूर पाहिला, मेस्त्रींच्या सदऱ्यावरचा काळा पट्टा पाहिला. मग डोकं मागे टाकून ते इतके हसले की चहा घेऊन आलेला माणूसही हसायला लागला. त्यांनी तो कागदी पेला घेतला आणि खिडकीतून मेस्त्रींच्या हातात दिला.

"खमसा," अर्बाब म्हणाले. "यल्ला, प्या."

मेस्त्रींनी तिथेच सीटवर बसून चहा प्यायला, इंजिन चालू ठेवून. नंतर मी विचारलं की निदान चहापुरती बंद करायची होती. म्हणाले, "आणि परत लागली नसती तर?" नारळाबद्दल मात्र अवाक्षर नाही. दोन-तीन दिवसांनी मी डिवचलं तर म्हणाले, "देवाक इंजिनाचा काय कळता? तेणां पाणी खंय उडवायचा ता बघूक होया होता."

परतताना कुरियनसाहेब पिकअपमध्ये म्हणाले, "गाड्या राहतील. मी शब्द पाळीन. पण डिसेंबरला हा माणूस जाणार. जानेवारीत पहिली बंद पडेल, तेव्हा कोण उघडणार? ह्याने कुणाला हात लावू दिलाय कधी?"

ते खरं होतं. शफीक दहा वर्षं थोरली चालवत होता, पण तिचं बॉनेट उघडायची त्याला परवानगी नव्हती. एकदा त्याने स्वतःच हवेची जाळी साफ केली, तर मेस्त्रींनी ती पुन्हा काढून पुन्हा साफ केली, त्याच्यासमोर. मी अनेकदा सुचवून पाहिलं की शफीकला शिकवा. कधी वेळ नाही, कधी त्याचे हात जड, कधी आणखी काही. नोव्हेंबर लागला तेव्हा माझा संयम संपला. मी शेडमध्ये गेले आणि विचारलं, "मेस्त्री, खरं सांगा. तुम्हाला मशिनी राहायला हव्यात, की तुमच्यावाचून त्या अडायला हव्यात?"

त्या दुपारी काचेपलीकडून हातोडीचा आवाज आला नाही. मेस्त्री जेवायलाही उठले नाहीत. मला वाटलं, जास्त बोलले मी. मग चारच्या सुमाराला त्यांचा आवाज आला, शफीकला हाक मारणारा.

शिकवणं म्हणजे निव्वळ भांडण होतं. शफीकचं बांगला वळणाचं हिंदी, मेस्त्रींचं मालवणी वळणाचं. "अरे, वो नाय, उसके पिछू का. दिखता नाय क्या? दिखता नाय तो हात से समज." शफीकने पाना चुकीचा धरला की मेस्त्रींचा हात आपोआप पुढे जायचा, आणि एकदा हात गेला की काम तेच पुरं करून टाकायचे. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. शेडच्या दारात शफीककडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि नुसतं ऐकायचं. "घट झाला. जास्त नको. आता फिरव... नाय, परत काढ." असे सगळे हुकूम रस्त्याकडे बघत. येणारेजाणारे समजायचे की हा म्हातारा त्यांनाच ओरडतोय. शफीकही काही मऊ नव्हता. एकदा वैतागून म्हणाला, "उस्ताद, आप जाओगे तो अच्छा होगा, फिर मेरे को सुनाई देगा इंजिन." मला वाटलं, आता भडका उडणार. मेस्त्री तसेच पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, समोरून पाहिल्याशिवाय कळलं नसतं, आणि समोर जायची माझी हिंमत झाली नाही.

त्या थंडीची सुरुवात छान झाली. गवत वाढलं, पाचही गाड्या फिरल्या, मध्ये दोनदा बंद पडल्या आणि दोन्ही वेळा मेस्त्रींनीच दुरुस्त केल्या, कारण हिरवळीवर गाडी थांबलेली दिसली की त्यांचा सगळा निश्चय गळून पडायचा. शफीक बाजूला उभा. कुरियनसाहेब हे बघत होते. जानेवारीचं काय होणार, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

डिसेंबरात त्यांचं जायचं ठरलं. मला आणि नवऱ्याला मस्कतला काम होतंच, म्हणून विमानतळावर सोडायचं आम्ही कबूल केलं. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. कुरियनसाहेबांनी घड्याळ आणलं होतं, ते घेतलं, पण मनगटावर बांधलं नाही, बॅगेत टाकलं. अर्बाबने मिठी मारली तेव्हा मात्र मेस्त्रींचे डोळे भरले, आणि ते लपवायला ते उगाच त्यांच्या गाडीच्या टायरवर लाथ मारून हवा तपासू लागले. यंत्रांचा निरोप घ्यायला शेडमध्ये जाऊया का, मी विचारलं, तर म्हणाले, "कित्याक? कामाक गेली आसत."

सकाळी आम्ही त्यांना कॅम्पवरून घेतलं. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मांडीवर बॅग. नवरा गाडी चालवत होता, मेस्त्री पुढे, मी मागे. कॉलनीच्या बाजूने हायवेकडे निघालो. चौकातली पेटूनिया फुललेली होती आणि पलीकडच्या मोठ्या हिरवळीवर थोरली गवत कापत होती, वर शफीक. मेस्त्रींनी काच खाली केली. आवाज ऐकण्यासाठी, हे आम्हाला समजलं.

आणि आम्ही बघत असतानाच ती थांबली. दोन झटके, धूर, आणि आवाज बंद.

"गाडी थांबव," मेस्त्री म्हणाले.

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. मेस्त्रींचा हात दाराच्या हँडलवर. मी घड्याळ पाहिलं. वेळ होता, फार नव्हता. मी म्हणाले, "जा मेस्त्री, पाच मिनिटांत या." त्यांनी ऐकलंच नाही. ते बघत होते. शफीक खाली उतरला, डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला, आणि बॉनेट उघडलं. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने खाली वाकून काहीतरी काढलं, उन्हात धरून पाहिलं, फुंकलं, पुसलं. "आधी पेट्रोल बघ," मेस्त्री पुटपुटले, "आधी पेट्रोल बघ रे." शफीकने पेट्रोल पाहिलं नाही. त्याने आपल्याच क्रमाने काम केलं, सावकाश. मध्येच थांबला, कान इंजिनाजवळ नेला, जणू बंद इंजिनही त्याला काही सांगत होतं. मेस्त्रींचा हात अजून हँडलवरच होता. मला वाटलं, आता उतरतील. उतरले असते तर मला आनंदच झाला असता.

शफीक वर चढला. किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थोरली लागली. तिने धूर सोडला आणि निघाली, गवताच्या उरलेल्या पट्ट्याकडे. शफीक मागे वळूनही न पाहता पुढे गेला.

मेस्त्रींनी हँडलवरचा हात काढला. काच वर केली. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चला. हयसर आता माझा काय काम नाय."